बसलेल्या पाखरावर बार नाही

माझी थोरली बहीण लग्न होऊन महाळुंगे पडवळला नांदायला गेली, आणि तिच्या मागोमाग मीही गेलो म्हटलं तरी चालेल. लोक बहिणीकडं भाऊबीजेला जातात, ताटात ओवाळणी टाकतात, लाडू खातात आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरतात. मी भाऊबीजेला जायचो तो संक्रांत झाल्याशिवाय परतायचो नाही. आमचं घर जुन्नरच्या बाजूला. शेतीचं सगळं थोरला भाऊ बघायचा, त्यामुळं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आई वैतागून म्हणायची, "आमी त्या घरात पोरगी दिली का पोरगा दिला, त्येच कळंना!" आता आईला कसं सांगणार की मी बहिणीसाठी जातच नव्हतो. मी जायचो दाजींच्या दुनळी बंदुकीसाठी.

दाजी म्हणजे आक्काचे मालक. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला तुसडे. मला नावानं हाक त्यांनी जन्मात मारली नाही. 'पावणं' म्हणायचे. बायकोचा भाऊ, आणि वर दोन-दोन महिने घरात बसून भाकरी मोडणारा, म्हणून त्या 'पावणं'ला जरा तिखटमीठ लावलेलं असायचं. पण दिवस उगवायच्या आधी माझ्या अंगावरची गोधडी ओढून ते पुटपुटायचे, "पावणं, उठा. बदकं आल्यात." त्या हाकेसाठी मी जीव द्यायला तयार होतो. आजही थंडीत कधी पहाटे दचकून जाग येते, वाटतं हाक आली. मग कळतं, शेजारच्याच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली.

ती बंदूक दाजींच्या आजोबांनी पुण्याच्या कॅम्पातून आणलेली, विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून. दोन नळ्या, त्यांच्यामागं बाहेरच्या अंगाला दोन घोडे, आणि लाकडी दस्त्यावर कोरलेली पानंफुलं. बारा बोरची दुनळी तेव्हा बऱ्याच बड्या घरांत असायची. ही दहाची. दहाची म्हणजे बाराच्यापेक्षा मोठ्या तोंडाची. नळीत माझा अंगठा सहज जायचा. वजनाचं तर विचारूच नका. पाहुणेरावळे हौसेनं हातात घ्यायचे आणि "आयला!" म्हणून परत द्यायचे. तिची काडतुसं बाजारात मिळत नसत, म्हणून दाजी पितळी काडतुसं घरीच भरायचे. ओटीवर पोतं अंथरून बसायचे. आत काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, पुन्हा चकती. मला हात लावू द्यायचे नाहीत. मी विडी घेऊन जवळपास फिरकलो तर अशी शिवी यायची की ती थेट आक्काच्या माहेरापर्यंत पोचायची. आक्का आतून ओरडायची, "माह्या आईबापाचं नाव नाय घ्यायचं हां, सांगून ठिवते!"

घोडनदीला तेव्हा पावसाळा सरला की डोह साठून राहायचे. दिवाळी झाली की उत्तरेकडून पाखरं उतरायची. चोच पळीसारखी पसरलेला थापट्या, शेपटीला टोक असलेलं तलवार बदक, पिवळसर अंगाचे चक्रवाक. आणि आमच्याच भागातलं, बारा महिने राहणारं हळदीकुंकू. चोचीच्या मुळाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा रंग, म्हणून ते नाव. सगळी हुशार जात. माणूस लांबून दिसला तरी पाणी सोडायची. भीत नसत ती फक्त म्हशीला. म्हशी रोजच पाण्यावर यायच्या, डुंबायच्या, निघून जायच्या. तर आमच्याकडची रीत अशी, की म्हशीच्या आडोशानं जायचं.

दाजींच्या गोठ्यात एक म्हातारी म्हैस होती. कानाशी बार झाला तरी कान हलवायची आणि पुन्हा गवताला तोंड लावायची. तिच्या पलीकडच्या अंगाला आम्ही दोघं कमरेत वाकून चालायचो, तिच्या पायाबरोबर पाय टाकत. ती थांबली की थांबायचं. ती मुतायला लागली तरी तिथंच उभं राहायचं, दुसरं करतो काय! आहुप्याच्या घाटाकडून असं गार वारं यायचं की हाताची बोटं आपली वाटायची नाहीत. एकदा मला शिंक आली आणि मी ती म्हशीच्या पोटात तोंड खुपसून दाबली. दाजींनी त्याबद्दल मला पहिल्यांदा आणि शेवटचं शाबास म्हटलं.

एवढं करून थव्याच्या जवळ पोचल्यावर दुसरा कुणीही तिथंच बार टाकून मोकळा झाला असता. दहाची नळी, खच्चून भरलेले छर्रे, आणि समोर पाण्यावर गच्च बसलेली बदकं. एका बारात पोत्यात मावणार नाहीत एवढी पडली असती. दाजी टाकत नसत. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला नेम होता: बसलेल्या पाखरावर बार नाही. "त्येला उठू द्यायचं," दाजी म्हणायचे. "उठून ग्येलं तर त्येचं. पडलं तर आपलं." मी कधी म्हणालो की अहो दाजी, म्हशीच्या बुडामागं लपून जायचं आणि वर असला नेम, ह्याला काय अर्थ? तर म्हणायचे, "पावणं, लपायचं ते आपल्यासाठी. उठवायचं ते त्येच्यासाठी. तुमाला न्हाई कळायचं."

म्हणून माझं काम होतं उठवायचं. दाजींनी दोन्ही घोडे ओढून डोळ्यानं खूण केली की मी म्हशीआडून एकदम उभा राहायचो आणि छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकायचो. आणि मग थवा उठायचा. तो आवाज मी कसा सांगू? पंखांचा, पाण्याचा, त्यांच्या ओरडण्याचा, सगळा मिळून एकच आवाज, पोटात उतरणारा. वाटायचं, सगळा डोहच उठून निघाला. त्यात दहाचा बार व्हायचा आणि काळ्या दारूचा पांढरा धूर आमच्याभोवती असा पसरायचा की आपले पायसुद्धा दिसू नयेत. पण धूर विरायच्या आधीच दाजी सांगून टाकायचे, "पडलं," नाहीतर "हुकलं." खांद्याला कळतं म्हणायचे. कधी चुकले नाहीत.

पडलं असेल तर मी कमरेला सुके भोपळे बांधून पाण्यात. ते पाणी! शिव्या देत शिरायचो आणि दात वाजवत बाहेर यायचो. हुकलं असेल तर मात्र दिवसभर घरात कुणी दाजींच्या वाटेला जायचं नाही. ते ओटीवर बसून हिशेब लावायचे, का हुकलं. ऊन डोळ्यावर आलं म्हणून, वारं फिरलं म्हणून, आणि शेवटी फिरून माझ्यावर: "पावणं लवकर वराडलं." संध्याकाळपर्यंत कारण सापडलं की जेवायचे. नाही सापडलं तर उपाशी झोपायचे, खोटं नाही सांगत.

आक्काच्या सासूबाई माळकरी. घरात बदक शिजलेलं चालायचं नाही. आक्का गोठ्यामागं तीन दगडांवर भगुणं चढवायची. चरबी सुटली की वास असा यायचा की माळ घातलेली माणसंसुद्धा उगाच गोठ्याकडं चक्कर मारून यायची. बाजरीची भाकरी, तो रस्सा, आणि मधेच दाताखाली येणारा छर्रा. आक्का तो काढून तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "सोन्याचं काय घातलं न्हाई तुझ्या दाजींनी मला. शिशाचं मातर रोज घालत्यात." दाजी खाली मान घालून हसायचे. त्यांना हसताना मी फक्त त्या चुलीपाशी पाहिलं.

मला त्या दिवसांची ओढ लागते. लई लागते. लोक विचारतात, त्या बिचाऱ्या पाखरांना मारण्याची ओढ कसली? मारण्याची नाही, असं म्हणून मी मोकळा होतो. पण खरं बोलायचं तर थोडी मारण्याचीही आहे. खोटं कशाला बोलू? ते ऊन ऊन पाखरू हातात यायचं, मान लोंबलेली, आणि मला एकाच वेळी आनंदही व्हायचा आणि कसंतरीही व्हायचं. आता दोन्ही होत नाही. दूध डेअरीला घालायचं, टोमॅटोचा भाव फोनवर बघायचा, गोळी घ्यायची आणि झोपायचं.

मग शिकारबंदी आली. एक-दोन हिवाळे लोकांनी चोरून मारली. दाजींनी नाही मारली. मी आशेनं भाऊबीजेला गेलो, दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एका पहाटे मीच उठून त्यांना म्हणालो, "दाजी, बदकं आल्यात." ते पांघरुणातून म्हणाले, "येऊ द्या की. त्यांची नदी हाय." आणि कूस बदलली. त्या वर्षी मी संक्रांतीच्या बऱ्याच आधी घरी आलो. आईला आश्चर्य वाटलं.

बंदूक मात्र राहिली. पिकाच्या राखणीचं लायसन होतं. खंडेनवमीला दाजी ती खाली घ्यायचे, नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवायचे, झेंडूची फुलं वाहायचे. बाकी वर्षभर खुंटीला. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आक्का म्हणायची, "निघाली सवत माहेराला!" ती परत येईपर्यंत दाजींचं चित्त थाऱ्यावर नसायचं. खुंटीकडं बघायचे आणि पुन्हा तंबाखू मळायचे. एक निवडणूक झाली की दुसरी. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. "ह्यांना मतंच लई लागत्यात," असं म्हणून ते सगळ्या पक्षांना एकसारख्या शिव्या घालायचे.

गेल्या हिवाळ्यात ती कायमची जमा करायची ठरली. दाजींचं वय ऐंशीच्या पुढं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात नुसता उजेड. उजवा कान त्या दहाच्या आवाजानं केव्हाच गेलेला. लायसन पुढं चालू ठेवायला डॉक्टरचा दाखला लागतो, तो कोण देणार? पोरांच्या नावावर करायची तर पोरांना नको. थोरला पुण्यात कंपनीत. धाकटा, माझा भाचा, मंचरला भाजीपाल्याचा व्यापार करतो. तो म्हणाला, "मामा, ह्या काळात बंदूक घरात म्हंजे डोक्याला ताप. शेजारची लोकं म्हणत्यात बिबट्याला घाला गोळी. उद्या कुणी उचलून घातली म्हंजे?" पोरगं बरोबर बोलत होतं. बरोबर बोलणाऱ्याचा राग लई येतो.

मला दाजींचा फोन आला. म्हणजे लावला आक्कानं, दाजी तिच्या हातातून घेऊन ओरडले, कारण त्यांना वाटतं समोरच्यालाही कमीच ऐकू येतं. "पावणं, दुनळी चाललीय. एकदा पाण्यावर जायचंय मला. घिऊन. थवा उठताना आयकायचाय. नंतर मग जाऊ द्या तिला कुटं जायचंय तिकडं."

एवढंच मागणं होतं. काडतुसं नव्हती, आणि असती तरी ते उडवणार नव्हते. त्यांना फक्त बंदूक खांद्याला लावून उभं राहायचं होतं आणि थवा उठायला हवा होता. मंचरच्या ठाण्यात जायच्या वाटेवर, एकदा. मी दुसऱ्या दिवशी आक्काकडं पोचलो.

आक्कानं त्यांना स्वेटरवर स्वेटर चढवला, कानाला मफलर गुंडाळला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दोघंबी म्हातारं झालासा, आक्कल कवा येणार? पाण्यात पडला तर मी न्हाई काढायला यायची." तोंडानं हे, आणि हातानं बंदूक गोधडीत गुंडाळून देत होती. भाच्यानं गाडी काढली. त्यानं वाटेत एकदा हळूच मला विचारलं, "मामा, पोलिसांनी पाण्यावर बंदुकीसकट पकडलं तर?" मी म्हणालो, "ठाण्यातच चाललोय की. तेवढंच डिझेल वाचंल." तो काही हसला नाही.

नदीवर आता बंधारा आहे. पूर्वीचे डोह त्याच्या फुगलेल्या पाण्याखाली गेले. दोन्ही अंगाला ऊस, त्यामुळं भाचा त्या चिंचोळ्या वाटेवर हॉर्न वाजवतच गाडी नेत होता. बिबट्या असला तर बाजूला व्हावा म्हणून. दाजी चिडले. "वाजीव, वाजीव! समदी पाखरं नगरला पोचव!" काठाजवळ माझ्या ओळखीच्या एकाचा गोठा होता. तिथं गाडी थांबवली आणि दाजींनी फर्मान काढलं, "म्हस आना."

म्हैस कुठली आणणार? आजकाल म्हैस ठेवतंय कोण? गोठ्यात सगळ्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाया, पायाखाली काँक्रीट आणि डोक्यावर पंखा. मी समजावलं की दाजी, म्हैस नाही, असंच जाऊ. ऐकतील तर शप्पथ. शेवटी गोठेवाल्याला हातापाया पडून त्याची एक गरीब गाय सोडून घेतली. त्या गायीनं जन्मात चिखल पाहिला नव्हता. पहिल्याच ओल्या मातीला पाय टेकला आणि तिनं असा चेहरा केला की जणू आम्ही तिला कत्तलखान्यात नेतोय. पुढून भाचा दावं ओढतोय, मागून मी ढकलतोय, आणि दाजी तिच्या पाठीवर एक हात टाकून, दुसऱ्या हातात ती जड दुनळी पेलत, कमरेत वाकून चालतायत. त्यांची चालायची काठी गाडीतच राहिली होती. मी बघत होतो, म्हातारा घरात भिंत धरून चालतो, तो इथं गायीच्या पायाबरोबर पाय टाकत होता. ती थांबली की थांबत होता. मी गायीला उगाच एक शिवी घातली.

पाखरं होती. देवाशप्पथ, एवढी पाखरं मी आमच्या काळात पाहिली नव्हती. थापट्या गोल गोल फिरत होते, हळदीकुंकवाचं एक मोठं घरदार काठालगत चरत होतं, आणि मधल्या पाण्यात तलवार बदकांचा गच्च थवा. दाजींनी डोळे बारीक केले. "हायेत?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या चांगल्या कानात सांगितलं, हायेत, लई हायेत. त्यांनी दस्ता कमरेशी दाबून दोन्ही घोडे ओढले आणि माझ्याकडं ती जुनी खूण केली.

मी गायीआडून उभा राहिलो आणि आरोळी ठोकली.

पाखरांनी माझ्याकडं बघितलं. काठालगतची हळदीकुंकवाची मंडळी जरा बाजूला सरकली आणि पुन्हा चरायला लागली. मी पुन्हा ओरडलो. टाळ्या वाजवल्या. भाच्यानं दगड टाकला, तर दोन थापट्या उडाले आणि तिथल्या तिथं पलीकडं बसले. पन्नास हिवाळे त्यांच्यावर कुणी बार टाकला नव्हता. रोज काठावर पोरं क्रिकेट खेळतात, मोटारी चालतात, लग्नसराईत डीजे वाजतो, हौशी लोक कॅमेरे घेऊन येतात. माझ्यासारखा एक म्हातारा ओरडला तर त्यांचं काय जातंय? आम्ही म्हैस शोधत बसलो होतो आणि त्यांना माणसाचीच भीती उरली नव्हती.

दाजी बंदूक खाली धरून उभे होते. नळ्यांचं वजन त्यांच्या मनगटाला पेलत नव्हतं. "उठंनात?" ते म्हणाले.

"उठंनात, दाजी."

भाचा बापाला म्हणाला, "आप्पा, असंच धरा की वर. फोटू काढतो. रिकामीच हाय, काय फरक पडतो?"

दाजींनी त्याच्याकडं वळून बघितलं. "बसलेल्या पाखरावर?" एवढंच म्हणाले. रिकामी बंदूक, दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी नेम मोडायचा नाही. मग म्हणाले, "चला. ऱ्हाऊ द्या. मंचरला उशीर व्हईल." आणि गायीच्या पाठीवर हात टाकून वळायला लागले.

मला ते सोसवलं नाही. त्यांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मीच त्यांचं खाल्लं होतं, त्यांच्या घरी झोपलो होतो, त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि त्या शिव्यांत मला माझ्या बापाच्या घरापेक्षा जास्त बरं वाटलं होतं. त्यांनी एकच गोष्ट मागितली आणि तीही होईना म्हणजे काय! मी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि पाण्यात शिरलो. भाचा मागून ओरडला, "मामा! येड लागलं का तुमाला?" पाणी गुडघ्यावर आलं, मांडीवर आलं, पायजम्याचं भानच राहिलं नाही. हातानं पाणी उडवत, तोंडाला येईल ते ओरडत मी सरळ त्या गच्च थव्याकडं निघालो. आईमाईवरून ओरडलो. उठा की रं, भाड्यांनो, उठा! म्हातारा उभा राहिलाय तिकडं! पाणी कमरेच्या वर आलं आणि थंडीनं माझा आवाज चिरका झाला, तसा आधी एक उठला, मग चार, आणि मग सगळंच पाणी एकदम उठलं.

तोच आवाज. पोटात उतरणारा. माझ्या डोक्यावरून पंखच पंख गेले आणि अंगावर पाण्याचे थेंब पडले. मी मागं वळून पाहिलं. दाजी गायीपासून दूर, एकटे, पाय फाकवून ताठ उभे होते. दुनळी खांद्याला होती आणि नळ्या थव्याबरोबर फिरत होत्या, सावकाश, न थरथरता. मग मला घोडे पडल्याचे दोन बारीक आवाज आले. टक्. टक्.

थवा उसाच्या वरून निघून गेला. दाजींनी बंदूक खाली घेतली.

"हुकलं," ते म्हणाले.

मी कुडकुडत वर आलो. मला वाटलं, आता हसतील नाहीतर रडतील. दोन्ही नाही. चिडले होते. खरोखरीचे चिडले होते. गाडीत बसल्यावर भाच्यानं हीटर लावला, मी आक्काच्या गोधडीत गुंडाळून बसलो, आणि दाजी सुरू झाले. ऊन तर डोळ्यावर नव्हतं. वारं पडलेलं होतं. पावणं बरोबर उठवत होतं, पावण्याची चूक नव्हती. मग हुकलं कसं? मी कावून म्हणालो, "अवो दाजी, काडतूसच न्हवतं!" ते माझ्यावर खेकसले, "त्ये मला म्हाईत न्हाई व्हय? काडतूस नसंना का. नेम हुकला त्यो हुकलाच की!" महामार्गाला लागेपर्यंत ते पुटपुटत राहिले. पुढं मंचरच्या तोंडाला कांद्याच्या ट्रकांनी वाहतूक अडली तेव्हाही त्यांची बोटं मांडीवर हिशेब लावत होती.

ठाण्यात टेबलाशी एक तरुण पोलीस होता. चांगला मुलगा वाटला. त्यानं दाजींना आधी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. त्यानं बंदूक बिजागरीत वाकवून उघडली, नळ्या उजेडाकडं धरून आतून बघितल्या आणि म्हणाला, "काय चकचकीत ठेवलीय आजोबा." मग बाकीचं लिहिणं झालं, दाजींनी जिथं सांगितलं तिथं अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत सही केली, आणि त्यानं बंदूक उचलून मागच्या भिंतीशी उभी केली. झालं. एवढंच असतं ते. मी दाजींचा दंड धरला.

दाजी हलेनात. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि पुढं वाकले.

"सायेब," ते म्हणाले, "उजवी नळी जरा वर मारती. उठतं पाखरू असलं की थोडं खालून धरायचं. आज माह्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. इतके हिवाळे मी त्या बंदुकीशेजारी चाललो, त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. ही बंदूक आता कुणी खांद्याला लावणार नाही, कुठंतरी नेऊन वितळवतील, हे त्या पोलिसाला ठाऊक होतं, मला होतं, आणि दाजींनाही होतं. पोलिसानं एकदा माझ्या ओल्या पायजम्याकडं बघितलं, एकदा दाजींकडं बघितलं, आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"थोडं म्हणजे किती, आजोबा?" त्यानं विचारलं.

तेव्हा दाजींनी खुर्ची पुढं ओढली, नीट बसले आणि त्याला सांगायला लागले.